तियाऊच्या अलीकडे

आमच्या शाळेत संस्कृतच्या तासाला एक सुभाषित पाठ करावे लागे. आशा ही मोठी विलक्षण साखळी आहे, असे त्यात म्हटले होते. तिने ज्यांना बांधले ते धावत सुटतात, आणि तिच्यातून जे सुटले ते पांगळ्यासारखे जागच्या जागी बसून राहतात. बाई हा श्लोक हसत हसत समजावून देत, कारण त्यात आशेची थट्टा आहे, आणि वर्गही हसे. मी मात्र अहमदनगरच्या ज्या ख्रिस्ती घरातून शाळेत येत होते, त्या घरात विश्वास, आशा आणि प्रीती ही तीन नावे एका दमात घेतली जात, आणि या पंक्तीला बसणाऱ्या आशेची कोणी चेष्टा करील हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. पुढे अभंग वाचू लागले तेव्हा तेथेही आशा समूळ खणून काढायला सांगितलेली आढळली. मायबोलीतला एकच शब्द मला दोन कानांनी दोन प्रकारे ऐकू येऊ लागला, आणि ते दोन अर्थ एकमेकांशी जुळवून घेण्याची गरज बरीच वर्षे भासली नाही. त्या सुभाषितातली धावणारी माणसे मी डोळ्यांनी पाहिली ती दिल्लीत.

२०१० साली नोकरीनिमित्त मी पश्चिम दिल्लीत विकासपुरीच्या बाजूला राहायला गेले. रात्री उशिरा भाजीबाजार उठला की काही बायका, पाठीला झोळीत मूल बांधून, टाकून दिलेल्या भाजीतून चांगली पाने निवडताना दिसत. शेजारपाजारचे लोक त्यांना सरसकट ‘नेपाळी’ म्हणत. त्या नेपाळच्या नव्हत्या. त्या म्यानमारच्या चिन राज्यातून, म्हणजे मिझोरामच्या पलीकडच्या डोंगरांतून आलेल्या होत्या, आणि त्यांच्यातली एक माझ्याच इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत राहते हे कळायला मला तीन महिने लागले. ओळख झाली ती जिन्यात ऐकू आलेल्या एका चालीमुळे. ती कपडे वाळत घालताना जे गुणगुणत होती त्याचे शब्द मला अगम्य होते, पण चाल आमच्या नगरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, माझी आजी ज्या चालीवर गात असे तीच होती. मी पुढची ओळ मराठीत म्हटली. ती थांबली, हसली, आणि पुढच्या रविवारी मला आपल्याबरोबर उपासनेला घेऊन गेली.

उपासना एका भाड्याच्या हॉलमध्ये होती. आदल्या रात्रीच्या लग्नाच्या झिरमिळ्या अजून छताला लटकत होत्या. शंभरेक माणसे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती आणि चार वेगवेगळ्या सुरांत, कोणाच्याही इशाऱ्यावाचून, गात होती. त्यांच्या गीतपुस्तकांत शब्दांवर डो-रे-मीची अक्षरे छापलेली असतात आणि ती वाचायला लहान मुलेही शिकतात, हे मला नंतर समजले. आमच्या मंडळीत पेटी आणि तबला नसला तर गाणे लंगडते. येथे वाद्य नव्हते आणि उणीवही भासत नव्हती. मग अर्पणाची पिशवी फिरली. जी बाई परवा रात्री टाकलेल्या कोबीची पाने सोलत होती, तिने त्यात दहाची नोट टाकली. मी अवघडले. ज्यांनी मदत घ्यायची ते देत आहेत, हे माझ्या हिशेबात बसत नव्हते, आणि त्या दिवशी मी त्याला भाबडेपणा म्हणून बाजूला ठेवले. ते चुकले, हे कळायला बराच काळ गेला.

या लोकांचा आणि आमचा एक जुना धागा आहे. १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सेलम या बंदरगावी पाच तरुणांना एकाच दिवशी दीक्षा देऊन पूर्वेकडे धाडण्यात आले. त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि त्यांनी ज्या अमेरिकन मराठी मिशनची पायाभरणी केली, त्याच मिशनच्या नगरच्या शाळेत माझे पणजोबा शिकले. पाचांपैकीच ॲडोनिराम जडसन कलकत्त्याहून हुसकावला गेला आणि त्याच वर्षी रंगूनला पोचला. पहिल्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात हेर समजून त्याला तेथल्या राजाने दीड वर्षाच्या आसपास कैदेत ठेवले, तेव्हा ब्रह्मी भाषेत केलेल्या बायबलच्या भाषांतराचे हस्तलिखित त्याच्या बायकोने एका उशीत शिवून तुरुंगात पोचवले होते, आणि ती उशी इतकी कडक व ओबडधोबड केली होती की कोणाला चोरावीशी वाटू नये. चिन डोंगरांपर्यंत मात्र हा धर्म जडसनने नेला नाही. ते काम १८९९ मध्ये हाखा येथे आलेल्या आर्थर आणि लॉरा कार्सन या जोडप्याने केले. शतकभरात तेथे असा पालट झाला की म्यानमारच्या २०१४ च्या जनगणनेत चिन राज्यातील सुमारे ८५ टक्के लोक ख्रिस्ती होते. राज्याची लोकसंख्या मात्र पाच लाखांच्याही आत. एवढ्याशा समाजाने बहुसंख्य बौद्ध देशात, आणि तोही लष्कराच्या ताब्यातल्या देशात, आपला धर्म कसा टिकवला असेल याची कल्पना आपल्याला सहजी येत नाही.

१९६२ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि १९६६ मध्ये परदेशी मिशनऱ्यांना देशाबाहेर काढले. गोऱ्या मिशनऱ्यांच्या पाठोपाठ धर्मही जाईल, असा सत्ताधाऱ्यांचा होरा असावा. घडले उलटे, कारण तोवर गावोगावचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, डोंगरातलेच होते. १९८८ चे विद्यार्थ्यांचे आंदोलन चिरडल्यावर चिन डोंगरांत पलटणी येऊन बसल्या आणि रोजच्या आयुष्याला जाच सुरू झाला. सैनिकांची ओझी वाहायला गावकऱ्यांना धरून नेत, रस्त्यांवर आणि छावण्यांवर फुकट राबवत, तेही पुष्कळदा रविवारी. गावाच्या माथ्यावर लोकांनी उभारलेले क्रूस पाडले गेले, काही ठिकाणी त्याच जागी पॅगोडे उभे राहिले आणि ते बांधायलाही त्याच लोकांना जुंपण्यात आले. चर्च बांधायची परवानगी मागितली की कागद वर्षानुवर्षे फिरत राहत. गच्चीवरच्या माझ्या शेजारणीने हे सारे मला रडून सांगितले नाही. तिचा नवरा एकदा ओझे वाहायला गेला, परत आला, दुसऱ्यांदा बोलावणे आले तेव्हा दोघे रात्री चालू लागले, एवढीच तिची कथा होती. ‘दीदी, दोन दफा कौन जाता है’, असे ती म्हणाली, आणि डाळीला फोडणी घालायला उठली.

येथे मी एक गोष्ट लपवणार नाही. दिल्लीतल्या त्या निर्वासितांच्या मंडळ्या एकमेकींपासून पुष्कळ फुटलेल्या होत्या. हाखावाल्यांची मंडळी वेगळी, फलामवाल्यांची वेगळी, तिद्दिमची तिसरी. डोंगरातली प्रत्येक बोली येथे आपापले भाडे भरत होती. कोणत्या देशात कोणाला कायमचे नेले जाणार, यावरून कुजबूज आणि असूया होती, आणि मला असा एक उपदेशक ऐकायला मिळाला जो विश्वास खरा असेल तर व्हिसा येईलच, असे सांगत होता. अशा वेळी मला ते सुभाषित आठवे आणि वाटे, की थट्टा करणाऱ्याला काहीतरी दिसले होते. आशेचा धंदा करता येतो, आणि तो छावणीत सर्वांत बरा चालतो.

पण आशा काढून घेण्याचा अधिकारही कोणाकडे तरी असतो, हे २०१८ मध्ये दिसले. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. त्यामुळे दिल्लीतल्या या लोकांचा आधार म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायोगाचे एक कार्ड. त्या वर्षी उच्चायोगाने जाहीर केले की चिन राज्यात आता स्थैर्य आले आहे, चिन लोकांना आंतरराष्ट्रीय संरक्षणाची गरज उरलेली नाही, आणि २०१९ च्या अखेरीस त्यांचा निर्वासित दर्जा संपेल. शेजारणीच्या खोलीत त्या आठवड्यात रोज प्रार्थनासभा होत होती. मी सुशिक्षित माणसाच्या आवाजात तिला समजावत होते, की तेथे आता निवडून आलेले सरकार आहे, कदाचित खरेच परत जाता येईल. ती ऐकून घेत असे आणि मान हलवत असे. ती मान होकाराची होती की नकाराची हे मला कधीच ओळखता आले नाही. मार्च २०१९ मध्ये उच्चायोगाने तो निर्णय मागे घेतला. दोन वर्षांच्या आत, १ फेब्रुवारी २०२१ रोजी, लष्कराने पुन्हा सत्ता हिसकावली. तोवर माझी शेजारीण नवऱ्यासह अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला पोचली होती, जेथे चिन लोकांची एवढी वस्ती आहे की शहराच्या नावात ‘चिन’ घालून लोक त्याला गमतीने चिंडियानापोलिस म्हणतात. तिचा फोन आला. मी तेव्हा काय सांगत होते याची आठवण तिने करून दिली नाही, आणि त्यामुळे मला ती अधिक आली.

त्यानंतरच्या बातम्या मी नकाशा उघडून वाचू लागले. चिन राज्यातल्या मिंदातमध्ये लोकांनी शिकारीच्या गावठी ठासणीच्या बंदुका घेऊन सैन्याला अडवले. थंतलांग या गावावर १८ सप्टेंबर २०२१ रोजी तोफगोळे पडून घरे पेटली, तेव्हा चुंग ब्याक हुम हा तरुण बॅप्टिस्ट पाळक शेजाऱ्याचे घर विझवायला धावला आणि सैनिकांनी त्याला गोळ्या घातल्या. अंगठी काढून घेण्यासाठी त्याचे बोट कापले होते. पुढच्या महिन्यात त्या गावातली दीडशेहून अधिक घरे आणि चर्चेस जळाली. जवळजवळ दहा हजार वस्तीचे ते गाव तोवर ओस पडले होते. हा तपशील मी अनेकांना सांगितला आहे आणि ऐकणारे दर वेळी बोटापाशी थांबतात. मी मात्र थांबते ती विझवायला धावण्यापाशी. पळायला वाट मोकळी असताना हा माणूस गावात उरला होता, आणि त्याच्या हातात बंदूक नव्हती, बादली असावी.

लोक सरहद्दीवरची तियाऊ नदी ओलांडून मिझोरामात येऊ लागले. १० मार्च २०२१ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने सीमेवरच्या चार राज्यांना पत्र पाठवून ही आवक रोखण्यास आणि आलेल्यांना परत पाठवण्यास सांगितले. मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथंगा यांनी पंतप्रधानांना कळवले की हे लोक आमचेच आहेत आणि त्यांच्या दुःखाकडे मिझोरामला पाठ फिरवता येणार नाही. हे मुख्यमंत्री एके काळी मिझो बंडखोरांत होते आणि स्वतः सरहद्दीपलीकडच्या जंगलांत राहिले होते. ५ मार्च १९६६ रोजी आपल्याच वायुदलाने ऐजॉलवर बॉम्ब टाकले, तेव्हा मिझो लोक याच नदीपलीकडे आसऱ्याला गेले होते, ही आठवण तेथे इतिहासाच्या पुस्तकात नाही, ती घराघरांत आहे. अकरा लाखांच्या आसपास वस्तीच्या या राज्यात तीस हजारांहून अधिक निर्वासित सामावले गेले, आणि दिल्लीकडून फारसे काही येत नसताना त्यांचे पोट चर्च आणि यंग मिझो असोसिएशन या संघटनेने भरले.

हे पाहायला मी जानेवारी २०२४ मध्ये गेले. इनर लाइन परमिट काढून ऐजॉल, तेथून दिवसभराच्या वळणांनी चंफाई, आणि पुढे झोखोथार हे नदीकाठचे शेवटचे गाव. तियाऊ हिवाळ्यात गुडघाभर पाण्याची असते. आपल्याकडच्या एखाद्या ओढ्याला लाजवील असे काही तिच्यात नाही. पूल ओलांडून थोड्या अंतरावर रिह दिल नावाचे तळे आहे. ख्रिस्ती होण्याआधीच्या मिझो समजुतीप्रमाणे मेलेल्यांचे आत्मे त्या तळ्यावरून पुढच्या गावी जातात. त्यामुळे मिझो लोक थट्टेने म्हणतात, की आमचे सर्वांत मोठे तळे परदेशात आहे. मागच्याच नोव्हेंबरात पलीकडच्या रिहखोदारमध्ये लढाई झाली, तेव्हा एका दिवसात हजारो माणसे या पुलावरून अलीकडे आली, आणि त्यांच्या मागोमाग हरलेले चाळीसेक म्यानमारी सैनिकही आले. ज्यांच्यापासून लोक पळत होते तेच शरण येऊन त्याच काठाला लागले. त्यांना मिझोरामच्या पोलिसांनी खाऊ घातले आणि नंतर आपल्या सरकारने त्यांच्या देशात पोचवले. शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा या गावाला इतकी शब्दशः पाळायला लागेल असे कोणालाही वाटले नसणार, आणि ज्यांची मुले त्यांच्या गोळीने मेली त्यांना ते रुचले असेल असेही मी म्हणणार नाही. छावणीतले कित्येक तरुण सहा महिने येथे आणि सहा महिने पलीकडे बंदूक घेऊन असतात. रविवारी ते पहिल्या रांगेत गातात. हे कसे जुळते, असे मी एकाला विचारले. जुळत नाही, तो म्हणाला.

ताडपत्रीच्या ज्या खोपटात मला जेवायला बसवले, तेथल्या बाईने भाताचे आधण ठेवताना मापातले मूठभर तांदूळ उचलून कोपऱ्यातल्या डब्यात टाकले. मिझो घरांत ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. दर वेळी भात शिजवताना एक मूठ चर्चसाठी बाजूला, आणि मंडळीतल्या बायका आठवड्याला ते तांदूळ गोळा करतात. त्या मुठींवर तेथल्या मंडळ्या उभ्या राहिल्या आहेत. मला आपल्याकडचा मुष्टिफंड आठवला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी बहुजनांच्या मुलांची वसतिगृहे अशाच घरोघरच्या मुठींवर चालवली होती. पण हे तांदूळ तर त्या बाईला मदत म्हणून मिळालेले होते, कोणा मिझो बाईच्या मुठीतून आलेले, आणि त्यातली एक मूठ ती पुन्हा नदीपलीकडे जंगलात लपलेल्यांसाठी काढत होती. विकासपुरीच्या हॉलमधली दहाची नोट मला त्या क्षणी चौदा वर्षांनी उलगडली. जिच्याकडे द्यायला काहीतरी आहे ती केवळ निर्वासित नसते. उद्या भात शिजणार आहे आणि तो खाणारे आणखी कोणी आहे, एवढे धरून चालल्याखेरीज ती मूठ उचलता येत नाही. सुभाषितकाराने साखळी पाहिली, हे त्याचे चुकले नाही. तिचे दुसरे टोक कोणाच्या कमरेला आहे ते त्याने पाहिले नाही, एवढेच.

तरीही या आदरातिथ्याच्या कडा मला दिसल्या त्या सांगायला हव्यात. ‘मी परका होतो तेव्हा तुम्ही मला घरात घेतले’ हे मत्तयाच्या शुभवर्तमानातले वाक्य तेथे अनेकांनी मला ऐकवले. पण चिन लोक मिझोंना परके नाहीत; भाषा, कुळे, धर्म सारे जवळचे आहे. त्याच म्यानमारी लष्कराने हाकललेल्या रोहिंग्या मुसलमानांविषयी मी विचारले तेव्हा उत्तरे आखूड झाली. आणि १९९७ मध्ये याच मिझोरामातून ब्रू या आदिवासी जमातीचे हजारो लोक जीव मुठीत धरून त्रिपुरात पळाले होते. त्यांना तेथेच वसवण्याचा करार व्हायला २०२० उजाडले. त्यांच्यातही ख्रिस्ती होते. आम्ही मराठी ख्रिस्त्यांनी याबद्दल बोटे दाखवावीत असे काही नाही, कारण आमच्या मंडळ्यांत अजूनही कोणाच्या पूर्वजांची जात काय होती हे लग्न जुळवताना सर्वांना पाठ असते. परक्याला घरात घेणे अजून कोणाला फारसे जमलेले नाही. आपल्या माणसाला घरात घेणे मात्र झोखोथारने असे जमवले, की त्याला तोड नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मला फलामकडच्या एका जळालेल्या खेड्यातल्या मंडळीचे चिटणीस भेटले. साठी उलटलेले, स्वेटरवर कोट घातलेले गृहस्थ. सगळे त्यांना आदराने ‘पु’ म्हणत, म्हणून मीही म्हणाले. घर पेटण्याआधी त्यांनी दोन गोष्टी उचलल्या होत्या, बायकोची औषधे आणि मंडळीच्या सभासदांची नोंदवही. वही त्यांनी मला दाखवली. डाव्या बाजूला नावे निळ्या शाईत, जुन्या वळणदार अक्षरांत. उजवीकडे एक नवा रकाना त्यांनी पट्टीने आखून घेतला होता, आणि त्यात सध्याचा मुक्काम लिहिला होता: ऐजॉल, चंफाई, क्वालालंपूर, जंगल, इंडियानापोलिस, जंगल, जंगल. तो रकाना पेन्सिलीने होता आणि पुष्कळदा खोडल्यामुळे कागद विरळ झाला होता. जे मेले होते त्यांच्या नावापुढे तारीख होती आणि नाव तसेच होते.

दुभाषा मुलीकरवी मी विचारले की आता मंडळीच उरली नाही तर हे कशासाठी. मुलीने प्रश्न कसा घातला कोण जाणे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिले आणि वर्षाचा अहवाल फेब्रुवारीत द्यायचा असतो, असे सांगितले. अहवालात एकूण सभासद किती हे लिहावे लागते, आणि या वर्षी तीन बाळे जन्मली आहेत, त्यांपैकी एकाचे नाव अजून मलेशियाहून कळलेले नाही. त्यांनी फोन काढला. रेंज नव्हती. वही काखेत धरून ते खोपटांच्या वरच्या चढणीला लागले, जेथे सायंकाळी थोडा वेळ म्यानमारच्या टॉवरचा सिग्नल मिळतो.